पायाचा अंगठा आखडला की चाल कशी बिघडते: घरची तपासणी, व्यायाम आणि चपलेतले बदल

निदान सहा महिने रोज घातलेली चप्पल किंवा बूट घ्या आणि उलटे करा. चाल ठीक असेल तर तळ मागे टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजतो आणि पुढे चवड्याच्या मधून अंगठ्याकडे. पुढची झीज करंगळीकडे सरकली असेल, तर अंगठ्याच्या मागच्या सांध्यावर संशय घ्यायला जागा आहे. अंगठ्याच्या टोकाखाली खळगा पडलाय, पण त्याच्या मागच्या सांध्याखाली तळ जवळजवळ कोरा आहे, तरी संशय तोच. चामडी चपलेवर पायाचा काळा ठसा उमटतो, त्यामुळे तिच्यावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. बुटात अंगठ्याच्या नखावरचं कापड फाटलं असेल, तर तीही याच गोष्टीची खूण.

हे इतकं आडून सांगावं लागतं, कारण आखडलेला अंगठा स्वतः दुखतोच असं नाही. दुखतो टोंगळा (गुडघा), दुखते कंबर, दुखतं दुसऱ्या बोटाखाली. लोक वर्षभर टोंगळ्याला तेल चोळतात आणि अंगठ्याकडे कोणी बघत नाही. नागपुरातल्या सिमेंटच्या रस्त्यांना उगाच दोष देऊ नका. रस्त्याने सांधा आखडत नाही. आखडलेल्या सांध्याचा मार मात्र कडक रस्त्यावर जास्त जाणवतो.

हा सांधा करतो काय

अंगठ्याला दोन सांधे असतात. नखामागचा लहान सांधा इथे बाजूला ठेवा. आपला विषय आहे त्याच्या मागचा मोठा सांधा, जिथे अंगठा चवड्याला मिळतो आणि बुटाला आडवी घडी पडते. याच्या खाली वाटाण्याएवढी दोन हाडं स्नायूच्या दोरीत बसलेली असतात. टोंगळ्याला जशी वाटी, तशी अंगठ्याला ही दोन.

एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंतचा वेळ शंभर धरला, तर पाय जमिनीवर असतो साधारण साठ. या साठातल्या शेवटच्या टप्प्यात टाच उचलते, अंगठा जमिनीला चिकटून राहतो आणि सगळं शरीर त्याच्यावरून पुढे जातं. म्हणजे चालताना अंगठा वर उचलायचा नसतो. तो जागेवर असतो आणि पाऊल त्याच्यावरून वळतं. सपाट रस्त्यावरच्या साध्या चालीला ४५ अंशांच्या आसपास वळण लागतं, लांब टांगा टाकणाऱ्याला ६० किंवा थोडं जास्त. बसून हाताने वाकवला, तर निरोगी सांधा ६५ ते ७५ अंशांपर्यंत जातो.

दुसरं काम दिसत नाही, पण जास्त महत्त्वाचं आहे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा ताणलेला असतो. अंगठा वाकला की हा पट्टा चवड्याच्या हाडाभोवती गुंडाळला जातो, आखूड होतो आणि कमान उचलतो. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तसंच. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही क्रिया रहाटाच्याच नावाने मांडली. कमान उचलली की पाऊल ताठ होतं आणि ताठ पावलानेच मागे रेटा देता येतो. अंगठा वळला नाही, तर रेटा द्यायच्या ऐन वेळी पाऊल मऊ राहतं.

मग शरीर आडवाटेने जातं. कोणी पाऊल बाहेर फेकून अंगठ्याच्या आतल्या कडेवरून निघतं. त्यांच्या अंगठ्याला आतल्या बाजूने, नखाच्या जरा मागे, चिमटीत धरता येईल असा घट्टा पडतो. कोणी भार करंगळीकडे टाकतं. तिथे भोवरी होते आणि घोटा वारंवार मुरगळतो. काहींचा नखामागचा लहान सांधा उरलेलं वळण आपल्या अंगावर घेतो, अंगठ्याचं टोक वर उचललेलं राहतं आणि नख बुटाला घासून काळं पडतं. काही जण टाच उशिरा उचलतात आणि पाऊल ढकलायच्या ऐवजी टोंगळा वाकवून सरळ वर उचलून घेतात. या शेवटच्या प्रकारात मांडी मागे पुरती जात नाही, टांग आखूड होते आणि ताण कंबरेवर येतो. दुसऱ्या बोटाखालची भोवरीही बहुधा अंगठ्याने नाकारलेला भारच असतो. ती कापून काढली तरी महिनाभरात परत येते, कारण भार तिथेच पडतो आहे.

आखडणं तीन प्रकारचं, आणि उपाय एकमेकांच्या उलट

कोणाचं हाड अडतं, कोणाची दोरी आखडते, कोणाचा सांधा फक्त भाराखाली अडतो. इथे घाई करू नका. एका प्रकारात सांधा मोकळा करायचा असतो, दुसऱ्यात तो हलूच द्यायचा नसतो. चुकीचा तळ घातला, तर दुखणं वाढतं.

खुर्चीवर बसा, पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने चवड्याचं हाड सांध्याच्या लगेच मागे पकडा. दुसऱ्या हाताने अंगठा सांध्याच्या लगेच पुढे, बुडाशी धरा. टोकाला धरलात तर नखाजवळचा सांधा वाकेल आणि तुमची फसगत होईल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आता अंगठा वर वाकवा आणि आतल्या बाजूने कोणाला तरी फोटो काढायला सांगा. फोटोवर दोन रेषा मारा: एक चवड्याच्या हाडावरून, दुसरी अंगठ्याच्या मागच्या हाडावरून. कंपासपेटीतल्या कोनमापकाने सरळ रेषेपासून अंगठा किती वर गेला ते मोजा. ६० च्या वर ठीक. ४० च्या खाली आखडलेला. ३० च्या खाली चाल बदललेली असणारच. १० च्या आत म्हणजे जवळजवळ जाम. जमिनीची रेष धरून मोजलं, तर आकडा १५-२० अंशांनी कमी येतो, कारण चवड्याचं हाडच पुढे उतरतं असतं. दर वेळी एकाच पद्धतीने मोजा आणि दोन्ही पायांचं मोजा.

वाकवताना शेवटी काय लागतं तेही बघा. दगडावर दगड टेकल्यासारखं एकदम थांबतं, सांध्याच्या वर बोटाला टणक उंचवटा लागतो, तर सांध्याची झीज होऊन हाड वाढलं आहे. रबर ताणल्यासारखं थांबत असेल, तर अडथळा मऊ भागाचा.

मऊ भागाचा म्हणजे कशाचा, ते पुढच्या तपासणीत कळतं. घोटा सैल सोडून पाऊल खाली झुकवा आणि अंगठा वाकवा. मग पाऊल नडगीकडे ओढून, घोटा काटकोनात ठेवून परत वाकवा. पहिल्या वेळी छान वळला आणि दुसऱ्या वेळी अडला, तर पोटरीतून घोट्याच्या मागून अंगठ्यापर्यंत येणारी दोरी आखडली आहे.

तिसरी तपासणी भाराची. पाय अधांतरी धरा आणि सांध्याच्या बरोबर खाली हाताच्या अंगठ्याने वर दाब द्या, जमीन देते तसा. तो दाब कायम ठेवून पायाचा अंगठा वर उचला. मघाशी ६० जाणारा सांधा आता जेमतेम १०-१२ अंशांवर अडत असेल, तर तो एरवी मोकळा आहे, भाराखालीच कुलूप लागतं. चालताना नेमकं हेच होतं. म्हणून दवाखान्यात झोपवून तपासलं की 'सांधा एकदम चांगला आहे' असं सांगितलं जातं आणि तुम्ही लंगडतच घरी येता.

शेवटी चालीचा व्हिडिओ. गच्चीवर किंवा सोसायटीच्या रस्त्यावर आठ-दहा मीटर मोकळी जागा घ्या, मोबाइल जमिनीपासून अर्ध्या फुटावर बाजूला ठेवा, स्लो मोशन लावा आणि अनवाणी चाला. पहिली दोन पावलं सोडून द्या. दुसऱ्या पायाची टाच टेकायच्या आधी या पायाची टाच उचललेली दिसली पाहिजे. दोन्ही टाचा एकाच वेळी जमिनीवर दिसल्या, तर अंगठा अडवतो आहे किंवा पोटरी आखडली आहे.

मोकळं करायचं असेल तर

हे व्यायाम दोरी आखडलेल्यांसाठी आणि भाराखाली अडणाऱ्यांसाठी. हाड अडलेल्यांनी फक्त पोटरीचा ताण करावा. हाड हाडावर जोराने दाबलं, तर सूज येते, सांधा सुटत नाही.

कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा. उन्हाळ्यात ही पायरी गाळली तरी चालते. मे महिन्यात नागपुरात नळाचंच पाणी कोमट येतं. मग तपासणीत सांगितल्याप्रमाणे सांध्याच्या दोन्ही बाजूंना पकड घ्या आणि अंगठा सरळ पुढे ओढा, बाटलीचं बूच अर्धवट सैल करावं इतक्याच जोराने. ओढ धरून दहा सेकंद थांबा. ओढ न सोडता अंगठ्याचं हाड दोन-तीन मिलीमीटर वर सरकवा, परत खाली आणा. असं दहा वेळा. आधी ओढ आणि मग वाकवणं, हा क्रम मोडू नका. ओढ नसताना वाकवलं की सांध्याची वरची कड चिमटते.

सांध्याखालच्या त्या दोन हाडांना विसरू नका. पडून किंवा प्लास्टर घालून पाय बरेच दिवस बांधला गेला असेल, तर ती बहुधा चिकटलेली असतात. सांध्याखाली हातांचे दोन्ही अंगठे ठेवून कातडीसकट त्यांना टाचेकडे आणि बोटांकडे एकेक मिनिट सरकवा. तिथे टोचल्यासारखं दुखलं, तर थांबा.

पोटरीसाठी भिंतीला हात लावा, पाय मागे, टाच जमिनीवर. टोंगळा ताठ ठेवून तीस सेकंद तीन वेळा, टोंगळा किंचित वाकवून तीस सेकंद तीन वेळा. दुसऱ्या वेळी अंगठ्याखाली दुमडलेला रुमाल घातला की अंगठ्याच्या दोरीलाही ताण मिळतो.

भाराखाली अडणाऱ्यांचा खरा दोष बहुतेक वेळा हा असतो, की अंगठ्यामागचं चवड्याचं हाड जमिनीवर खाली बसत नाही, भाराने वर ढकललं जातं. मग अंगठ्याला वळायला जागाच राहत नाही. ते हाड खाली दाबणारा स्नायू नडगीच्या बाहेरून येऊन तळव्याखालून आत जातो. त्याच्यासाठी ओट्याला हात टेकून उभे राहा, दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरा आणि चेंडू न सोडता चवड्यावर उठा. भार अंगठ्यामागच्या सांध्याखाली ठेवा, करंगळीकडे सुटू देऊ नका. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, बारा वेळा, दोन फेऱ्या. पोळ्या भाजून होईपर्यंत दोन फेऱ्या सहज होतात.

हे दिवसातून दोनदा करा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जड वाटला, तर निम्मं करा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा फोटो काढून कोन मोजा. आकडा जराही हलला नसेल, तर जोर वाढवू नका, तपासून घ्या.

चप्पल आणि बुटात काय बदलायचं

भाराखाली अडणाऱ्यांसाठी: पूर्ण लांबीचा, ३ मिलीमीटर जाडीचा ईव्हीए फोमचा तळ बुटात घाला. सांध्याची जागा नेमकी सापडण्यासाठी सांध्याखाली लिपस्टिक किंवा कुंकवाचा ओला ठिपका लावा आणि अनवाणी त्या तळावर एकदाच उभे राहा. ठसा उमटेल तिथे आतल्या कडेपासून सुमारे तीन सेंटीमीटर लांब-रुंद खाच कापा. आता चवड्याचं हाड त्या खाचेत उतरतं आणि अंगठ्याला वळायला वाव मिळतो. खाच पुढे अंगठ्याखाली सरकली तर उपयोग नाही; अंगठा खड्ड्यात आणि हाड वर, म्हणजे मूळ दोषच वाढवला. पहिल्या दिवशी एक तास घाला, रोज एक तास वाढवा.

हाड अडलेल्यांसाठी हे सगळं उलट. त्यांना खाच नको, अंगठ्याखाली आधार हवा. टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारी ताठ पट्टी लागते, कार्बन फायबरची किंवा पातळ स्टीलची, म्हणजे बूट सांध्याजवळ वाकत नाही आणि दुखरी हालचालच होत नाही. मग चालायचं कसं? तळाला पुढून होडीसारखा उतार देऊन. बूट पुढे लोळतो, अंगठ्याला वळावं लागत नाही. हा उतार सुरू व्हायची जागा म्हणजे टाचेपासून तळाच्या लांबीच्या ६० ते ६५ टक्क्यांवर, सांध्याच्या जरा मागे. नऊ इंची तळावर ते साधारण साडेपाच ते पावणेसहा इंच येतं. मोची बरेचदा तो बोटांखालून सुरू करतात, कारण दिसायला तसा बरा दिसतो. मग वळण सांध्यालाच पडतं आणि पैसे वाया जातात. स्वतः खूण करून द्या. आणि एकाच बुटाचा तळ जाड केला, तर दुसऱ्याचाही तेवढाच करून घ्या, नाहीतर कंबर वाकडी चालेल. होडीचा तळ ओल्या फरशीवर आणि जिन्यावर डगमगतो. वयस्कर माणसाने पहिला आठवडा काठी धरावी.

सीताबर्डीत बूट घ्यायला जाल, तेव्हा संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. टाच आणि टोक धरून बूट दाबा. हाड अडलेल्यांना घडी न पडणारा बूट हवा. त्यांच्यासाठी हे मऊ, दुमडणारे, खेळाचे बूट म्हणजे सर्वात वाईट खरेदी, आणि दुकानदार नेमके तेच 'आरामदायी' म्हणून पुढे करतो. टाचेची उंची अडीच सेंटीमीटरच्या आत ठेवा. उंच टाचेत सांधा उभ्या उभ्याच वाकलेला असतो, पुढे वळायला काही शिल्लक राहत नाही. सांध्यावर उंचवटा असेल, तर लेस त्या जागची भोकं सोडून ओवा. अंगठा अडकवायची सैल चप्पल मात्र तिन्ही प्रकारांत नको, कारण ती पायात राहावी म्हणून अंगठा सतत आवळून धरावा लागतो. मागे पट्टा असलेली सँडल घ्या.

चढ, पायऱ्या आणि उठबस

टांग एक-दोन इंच आखूड करा आणि पावलांचा वेग थोडा वाढवा. आखूड टांगेत टाच कमी उचलते, त्यामुळे अंगठ्याला कमी वळावं लागतं. पाऊल बाहेर फेकून सुटका करून घेऊ नका; ती सवय टोंगळ्याला महागात पडते. चढावर वळण जास्त लागतं, म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ दोन महिने सोडा आणि फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठाने सपाटीवर चाला.

पायऱ्या चढताना टाचेसकट अख्खं पाऊल पायरीवर ठेवा. उतरताना खरी अडचण मागे राहिलेल्या पायाला होते, कारण तो चवड्यावर वळतो. कठडा धरून जरा तिरपे उतरा आणि दुखरा पाय आधी खाली टाका. रामटेकच्या गडमंदिरासारख्या लांब पायऱ्यांवर किंवा टेकडी गणेशाला अनवाणी जायचं असेल, तर अडीच सेंटीमीटर रुंदीची न ताणणारी चिकटपट्टी अंगठ्याच्या बुडाभोवती घ्या आणि तिची टोकं तळव्याखालून टाचेकडे तिरपी चिकटवा. अंगठा वर वाकायला गेला की पट्टी अडवते. मधुमेह असेल तर पट्टी लावू नका, आणि दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी मुळीच नको.

जमिनीवरून उठताना आपण एक टोंगळा टेकतो आणि त्या मागच्या पायाची बोटं दुमडून रेटा देतो. त्या क्षणी मागच्या अंगठ्याला चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वळावं लागतं. म्हणून दुखरा पाय पुढे, पाऊल सपाट. मागे दुमडायचा तो चांगला पाय. सूर्यनमस्कारात मागे जाणाऱ्या पायाची बोटं न दुमडता पाऊल पालथं टेकवा. उकिडवं बसायचं तर टाचा टेकवून, चवड्यावर नाही.

घरचे उपाय थांबवायचे केव्हा

रात्रीतून सांधा लाल, गरम आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना असा झाला, तर ते आखडणं नाही. बहुधा युरिक ॲसिडचा गाऊट आहे. चोळू नका, ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. या झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यावरून गाऊट नाही असं धरू नका. दोन आठवड्यांनी परत तपासायला सांगतात ते त्याचसाठी. लालीबरोबर ताप असेल, तर त्याच दिवशी जा. जोरात ठेच लागून सांध्याखाली सूज आली आणि चवड्यावर भारच देता येईना, तर आधी एक्स-रे.

मधुमेह असलेल्यांचं गणित वेगळं आहे. साखरेने सांध्याभोवतालच्या ऊती ताठ होतात, अंगठा वळत नाही, त्याच्याखाली दाब वाढतो आणि बधिर पायाला ते कळत नाही. तिथला घट्टा ब्लेडने कापणं किंवा त्यावर बाजारातली भोवरीची पट्टी चिकटवणं म्हणजे जखमेला आमंत्रण. त्या पट्टीत कातडी जाळणारं आम्ल असतं. घट्ट्याखाली काळपट डाग दिसला, तर आतमध्ये रक्त साकळलेलं असू शकतं. थांबू नका. त्यांच्यासाठी मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल बरी.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी चप्पल आणि चालीचा व्हिडिओ बरोबर न्या. एक्स-रे उभ्याने, पायावर भार देऊन काढायला सांगा, समोरून आणि बाजूने. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट जास्त दिसते. शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेली, तर मुख्य पर्याय दोन. फक्त वळणाच्या शेवटी दुखत असेल, तर वर वाढलेलं हाड तासून वळायला जागा करतात. मधल्या हालचालीतही दुखत असेल आणि कूर्चा संपली असेल, तर सांधा कायमचा जोडून टाकतात. जोडून टाकणं ऐकायला भयंकर वाटतं, पण दुखणं जातं आणि सपाटीवरची चाल बरीच सुधारते. अंगठा कोणत्या कोनात जोडणार, हे मात्र आधी विचारा. जमिनीपासून १० ते १५ अंश वर हवा. त्यापेक्षा खाली बसला तर टोक जमिनीत रुतून नखाजवळचा सांधा दुखायला लागतो, फार वर राहिला तर प्रत्येक बुटात नख घासतं.